डाव्यावरून काढलेलं उजवं हाड

मावशीच्या उजव्या पायाचा अंगठा ऑपरेशनच्या आधी हलत होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या अंगठ्याचंच आहे.

मावशी म्हणजे आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी कोळीण. माझी आई मालवणी. दोघींचं पापलेटाच्या भावावरून दर खेपेला वाजायचं आणि ते दोघींनाही मनापासून आवडायचं. आई गेल्यावर मावशी यायची थांबली नाही. उलट मलाच दरडावायला लागली, की एवढे बारीक बोंबील का निवडलेस, आईने तुला काय शिकवलं. मी परळच्या एका हॉस्पिटलात हाडांची सर्जन आहे, कणा आणि कमरेची ऑपरेशनं करते, हे तिला ठाऊक होतं. ती मला 'हाडवाली' म्हणायची. नायगावच्या चाळी पाडायला घेतल्यापासून तिची गिऱ्हाइकं पांगली होती, पण डोक्यावर पाटी घेऊन ती त्यांना शोधत लालबागेपर्यंत जायची आणि टॉवरच्या वॉचमनशी भांडून लिफ्टमध्ये शिरायची.

एका सकाळी दादरला एका गल्लीत टेम्पो मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला ती दिसलीच नाही. टेम्पो आणि भिंत यांच्यामध्ये ती कमरेतून चेपली गेली. तिच्या सुनेने मला फोन केला तेव्हा मी ओपीडीत होते. खुर्ची मागे पडली तरी मी वळून बघितलं नाही.

स्ट्रेचरवर ती पांढरीफटक पडली होती. मी आधी तिच्या पायांशी गेले आणि म्हटलं, मावशी, अंगठे वर कर. दोन्ही वर आले. तशातही ती कुरकुरली, की अख्खी मी मोडलीय आणि हिला अंगठ्याचं पडलंय. मग मी तिला समजावून सांगितलं. कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर एक त्रिकोणी हाड असतं, आम्ही त्याला सेक्रम म्हणतो. कमरेची दोन मोठी हाडं त्याला दोन बाजूंनी जोडलेली असतात. तिची उजवी बाजू तिथेच चुरली होती. ती धरून ठेवायला कुल्ल्याच्या बाजूने आत लांब स्क्रू घालायचे. पण आत जायची वाट गिरगावातल्या दोन वाड्यांमधल्या बोळासारखी, जेमतेम. मागच्या बाजूला नसांचा जुडगा, खाली नस बाहेर पडायचं भोक, आणि पुढे हाडाचा उतार. त्या उतारावरून जी नस जाते तीच पाऊल आणि अंगठा वर उचलते. स्क्रू जरा पुढे निसटला तर पाऊल लोंबकळतं. चालताना पायऱ्यांना अडकतं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाकी काय पन कर. पाऊल तेवढं माजं मला ठेव."

मी हो म्हटलं नाही. आम्ही हो म्हणत नसतो. मी म्हटलं, जीव तोडून बघते.

आमच्या युनिटमध्ये एक रीत आहे. असं ऑपरेशन असलं की आधी सगळ्यांनी स्कॅनसमोर बसायचं, एकाने स्क्रूची वाट आखायची आणि दुसऱ्याने ती मोडून काढायची. मोडणाऱ्याला आम्ही 'विरोधी पक्ष' म्हणतो. विरोधी पक्षाने गप्प बसायचं नाही, पटलं तरी खोड काढायची, असा नियम आहे. माझा पारा पटकन चढतो म्हणून माझ्यासमोर त्या खुर्चीत बसायला कोणी राजी नसतं. त्या दिवशी माझा एक सहकारी बसला, शांत माणूस, माझ्याहून जास्त स्क्रू घातलेला.

अडचण अशी होती की उजव्या बाजूचा इतका चुरा झाला होता की मूळ हाडाचा आकारच वाचता येईना. मोडलेल्या, सरकलेल्या हाडावर वाट आखण्यात अर्थ नसतो. हाड जागेवर बसवलं की वाट बदलते. अशा वेळी आम्ही काय करतो, तर धडधाकट डावी बाजू कॉम्प्युटरवर आरशासारखी उलटी करतो आणि तीच उजवी समजतो. सगळीकडे असंच करतात. माणसाची डावी-उजवी जवळजवळ सारखीच असते, हे धरून चाललेलं असतं. तशी उलटी केली, तर वाट छान मोकळी दिसली. वर एक स्क्रू, खाली एक. त्यावरून प्लास्टिकचं हाड छापून घेतलं, तेही सुबक आलं. स्क्रूच्या आधी वाट धरायला एक तार घालतात, ती मी त्यात घालून बघितली, सरळ गेली.

मी विरोधी पक्षाकडे बघितलं. त्याने स्क्रीन पुढे-मागे केली, मॉडेल फिरवून बघितलं आणि म्हणाला, खोड काढायला काही सापडत नाही गं. मी चिडले. म्हटलं, मग इथे बसलास कशाला, वडे खायला? तो हसला, सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. ते मॉडेल हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसले होते. दोन्ही बाजू हुबेहूब एक. इतकं सारखं हाड देव कुणाला देतो? मनात पाल चुकचुकली, पण तिला नाव देता येईना. नुसतं भय वाटतंय म्हणून चालत नाही, खोड दाखवता यायला लागते. चुरा झालेली बाजू परत परत जवळ करून बघितली. हाडाचे तुकडे, त्यापलीकडे काही नाही. घरी जाताना लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून गेले, मिरच्यांचा ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थांबेचना. मला माझाच राग आला.

ऑपरेशनच्या सकाळी मावशीला भूल द्यायच्या आधी मी परत अंगठे हलवून घेतले. हलले. सुनेने बाहेर माझा हात धरला.

हाड जागेवर बसवलं, ते चांगलं बसलं. खालचा स्क्रू सुरळीत गेला. मग वरच्या स्क्रूची तार घातली. एक्स-रेच्या मशीनवर वरून बघितलं, समोरून बघितलं, सगळं आखल्याप्रमाणे. हाडात तार जाते तेव्हा हाताला एक अडणं जाणवतं, ड्रिलचा आवाजही घट्ट येतो. तो आवाज एकदम सैल झाला. तार लोण्यात गेल्यासारखी पुढे सरकली. थांबा, म्हटलं, कोणी हलू नका, बाजूने फोटो घ्या.

बाजूच्या फोटोत तारेचं टोक पुढच्या उतारावर होतं. उतार आम्ही समजलो होतो तिथे नव्हताच. जागेवर बसलेल्या हाडात आता पहिल्यांदा खरी उजवी बाजू दिसत होती, आणि ती डावीसारखी नव्हती. काही माणसांत कण्याचा शेवटचा मणका एका बाजूने सेक्रमला जन्मतःच चिकटलेला असतो. त्या बाजूचा उतार उभा आणि वाट अरुंद. मावशीचं तसंच होतं, फक्त उजवीकडे. आम्ही तिचं उजवं हाड डाव्यावरून काढलं होतं, आणि तिच्या कमरेत तसलं हाड नव्हतंच.

तार बाहेर काढली. माझा सहकारी हळूच म्हणाला, मला दिसायला हवं होतं. मी म्हटलं, ते नंतर. वरचा स्क्रू घालायचा नाही असं ठरलं. एकाच स्क्रूवर भागवायचं आणि तिला जास्त दिवस झोपवून ठेवायचं. टाके घालताना माझे हात स्थिर होते. ते असतातच, टेबलावर मी कधी आवाज चढवत नाही की हात थरथरू देत नाही.

ती शुद्धीवर आली. मी पायांशी उभी राहिले. मावशी, अंगठे वर कर. डावा आला. उजवा आला नाही. परत सांगितलं. डावाच आला. भुलीचा अंमल असेल, असं भूल देणारी बाई म्हणाली. तिला माहीत होतं आणि मलाही, की भूल एका पायाला धरून बसत नाही.

मी सुनेला सगळं सांगितलं, आरशाचं, तारेचं, सगळं. मग मावशीला सांगितलं. नस तुटली असेल तर पाऊल येणार नाही, नुसती दुखावली असेल तर येईल. कोणतं ते आज सांगता येत नाही, वाट बघावी लागेल. ती छताकडे बघत होती. तिने विचारलं, की पाटी घेता येईल का. मी म्हटलं, माहीत नाही, मावशी. ती म्हणाली, बरं.

त्यानंतर रोज सकाळी राउंडच्या आधी मी एकटी तिच्याकडे जायचे. चादर बाजूला करायचे, पाऊल हातात घ्यायचे, म्हणायचे, कर. ती जोर लावायची. पहिल्या आठवड्यात ती चिडायची, शिव्या द्यायची, टेम्पोला आणि मलाही, आणि मला ते बरं वाटायचं. पुढे पुढे ती शिव्या द्यायची बंद झाली. माझ्या तोंडाकडे बघायला लागली. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, तुम्ही किती वाळलात, डॉक्टर. मावशीने ते ऐकलं.

एका सकाळी मी पाऊल हातात घेतलं आणि म्हटलं, कर. तिने डोळे गच्च मिटले, दात आवळले, मानेच्या शिरा ताठल्या. मी अंगठ्यावर नजर रोखून उभी होते. मग तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हलला गो," ती म्हणाली. "माज्या जिवाला कललं. आता जा, कायतरी खाऊन घे."

अंगठा हलला नव्हता. मी हो म्हटलं आणि चादर ओढून तिचं पाऊल झाकलं.