नितेशच्या खोक्याचा दसरा

नाहूरच्या त्या सोसायटीत सगळ्यांच्या घरी केबलवाल्याचं नेट होतं. नितेश परबच्या घरी मात्र नितेशचं नेट होतं, आणि हा फरक तो लिफ्टमध्येसुद्धा समजावून सांगायचा. त्याची बायको रुचिरा तेव्हा मजल्यांचे आकडे बघत उभी राहायची. भाषण तिला पाठ होतं आणि लिफ्ट सावकाश चालायची.

मरोळच्या एका कंपनीत हा माणूस दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळतो. तेवढ्यानं त्याचं पोट भरलं नाही, म्हणून घरी देव्हाऱ्याखालच्या कपाटात स्वतःचा सर्व्हर बसवला, दिसायला नुसतं एक खोकं. केबलवाल्याचा राउटर चांगला चालत होता. तो काढून माळ्यावर फेकला. म्हणे, राउटर हे शेवटी सॉफ्टवेअरच, आता ते सर्व्हरच्या पोटातच राहील. मग अख्ख्या खोक्याला पासवर्डचं कुलूप घातलं. बंद करून पुन्हा सुरू केलं, की पासवर्ड दिल्याशिवाय आतलं काहीही जागं व्हायचं नाही, राउटरसुद्धा नाही. "चोरानं उचलून नेला तरी त्याच्या हाताला काही लागणार नाही," असं तो पाहुण्यांना चहा देता देता ऐकवायचा. नाहूरमधले कोणते चोर त्याच्या खोक्यावर टपून बसले होते, देव जाणे.

रुचिरा लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. लेक झाल्यापासून टॅबवर काढलेली सगळी चित्रं तिनं इंटरनेटवर एका फुकटच्या खात्यात ठेवली होती. ते या शहाण्याला बघवेना. "फुकट देतात म्हणजे आपल्यालाच विकतात," असं म्हणून त्यानं ती चित्रं स्वतःच्या खोक्यात आणली आणि तिकडचं खातं पुसून टाकलं. रुचिरानं विचारलं होतं, हे बिघडलं तर? तो हसला. खोक्यात दुसरी डिस्क आहे, तिच्यावर सगळ्याची नक्कल आहे. ती नक्कलही त्याच कुलपाआड होती, हे तेव्हा रुचिराच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं असेल, तर तो बोलला नाही.

दसरा आला. नितेशला सुट्टी नव्हती, तो मरोळला गेला. त्याचे वडील लवू परब गिरणीतले जुने कामगार. दसऱ्याला माग थांबवून, पुसूनबिसून, हार घालून मगच नारळ फोडायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांच्या लेखी घरात यंत्र म्हणावं असं ते एकच खोकं. त्यांनी कपाट उघडलं आणि बटण दाबून ते बंद केलं.

"चालत्या यंत्राक हळद-कुंकू लावूचा नसता," ते म्हणाले.

रुचिरालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनंच झेंडूचा हार आणून दिला. पूजा झाली, नारळ फुटला, लवूंनी हात जोडून पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरायला लागला, दिवा लागला. नेट काही येईना.

त्याच दुपारी पार्ल्याच्या एका प्रकाशनाच्या अनुपमाताई व्हिडिओवर रुचिराची चित्रं बघणार होत्या. पसंत पडली तर कायमची नोकरी. तिनं नितेशला फोन लावला.

"घाबरतेस काय, मी इथूनच उघडतो," तो म्हणाला. मग तिकडून नुसता बटणं बडवल्याचा आवाज येत राहिला. ऑफिसातून खोक्यात शिरायला घरात नेट हवं, नेटला राउटर हवा, आणि राउटर कुलपाच्या आत झोपलेला. एवढा हुशार माणूस, पण खोकं सुरू ठेवण्याच्या शेखीपायी त्यानं ते एकदाही बंद करून बघितलं नव्हतं.

शेवटी आला धापा टाकत. कपाटासमोर गुडघे टेकले, टीव्ही ओढून खोक्याला जोडला आणि पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला, पुन्हा चूक.

"तुला पासवर्ड आठवत नाही?" रुचिरानं विचारलं.

"सेव्ह केलाय ना."

"कुठे?"

त्यानं खोक्याकडे बघितलं.

रुचिरानं डोक्याला हात लावला. तिला तो हार काढून त्याच्याच गळ्यात घालावासा वाटला. तो मात्र वडिलांवर उखडला. "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" लवू सोन्याची पानं हातात धरून कोपऱ्यात उभे होते. "माझ्या हातान वाटोळा झाला," एवढंच म्हणाले.

"बाबा, तुमची काही चूक नाही," रुचिरा म्हणाली, आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

नेट काय, फोनवर होतंच. दाखवायला चित्रं नव्हती. अनुपमाताईंना तिनं सगळं खरं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं, ते तिनं लपवलं नाही. त्या म्हणाल्या, मग आत्ता काढून दाखवा. मिठाईच्या खोक्याच्या पाठीवर तिनं झेंडूची माळ घातलेला देव काढला. देवाला डोळ्यांच्या जागी दोन दिवे, आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसून घामाघूम झालेला एक पुजारी. अनुपमाताई हसल्या. असली आणखी काढाल का, म्हणाल्या.

नोकरी मिळाली. जुनी चित्रं गेली ती गेलीच. लेकीला झोळीत निजवून, एका हातानं झोका देत काढलेली होती ती. खरंच चोराच्याही हाताला लागली नाहीत.

माळ्यावरचा राउटर खाली आला. नितेश मात्र जेवण झालं, की अजूनही कपाटासमोर बसून पासवर्ड टाकून बघतो. लिफ्टमध्ये गप्प असतो. परवा त्यानं विचारलं, "तुझी नवी चित्रं ठेवतेस तरी कुठे? मी नीट सोय करून देऊ का?"

"पलंगाखाली पत्र्याच्या ट्रंकेत," रुचिरा म्हणाली. "कुलूप नाही लावलेलं. तू हात लावू नकोस."