आतली कडी

रोज सकाळी कामावर निघताना बाबा माझ्या धाकट्या बहिणीच्या खोलीचं दार चार बोटं उघडायचे आणि त्या फटीतून विचारायचे, "माझी पेन्सिल बघितलीस का गं?"

पेन्सिल त्यांच्या कानावर असायची. सुताराची पेन्सिल दुसरीकडे कुठे असणार?

"कानावर," आतून उत्तर यायचं.

"अस्सं!" म्हणत ते कान चाचपायचे, नवल वाटल्यासारखा चेहरा करायचे आणि जिना उतरायचे.

शब्द एकच, पण त्यावरून त्यांना सगळं कळायचं. तो पांघरुणाच्या आतून आला, तर रात्र वाईट गेलेली असे. वैतागून आला, तर ताप उतरलेला असे. आणि "का-ना-वर, मिस्त्री!" असा ठणकावून आला, तर दुपारी डबा घेऊन जाणाऱ्याला बाबा शीळ घालत रंधा मारताना दिसायचे. शीळ बेसूर असायची. पण ती ऐकून आई घरी मुद्दाम विचारायची, "आज वाजत होते का?"

धाकटीला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. शेवटची गोळी घेतली, तेव्हा सोळावं लागलं होतं. मधल्या काळात घरात तिचं नाव 'सरकार' पडलं. पाणी उकळायचं ते सरकारसाठी, खोकणाऱ्या पाहुण्याला दारातूनच परत धाडायचं ते सरकारसाठी, आणि टीव्हीचा रिमोट तर सरकारजमाच झाला होता.

आमच्या घरातली सगळी दारं बाबांनी स्वतः केलेली. नव्या गिऱ्हाइकाला ते मुद्दाम घरी आणायचे, दारावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "हे जो मोडून दाखवील, त्याला महिनाभर जेवायला घालीन." उपचारांच्या पहिल्याच वर्षी एका दुपारी सरकार न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. आतून कडी लावलेली. बाबा खांदा मारत होते, हाका मारत होते, आणि दार बाबांनीच केलेलं असल्यामुळे तसूभर हलत नव्हतं. अखेर पहार घालून चौकटीपासून उचकटलं. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, बाकी काही नाही. बाबांचा खांदा मात्र पुढे कितीतरी दिवस दुखत राहिला.

त्याच संध्याकाळी त्यांनी दुखऱ्या हातानं घरातल्या झाडून सगळ्या आतल्या कड्या काढल्या. भुसा आणि गोंद कालवून भोकं बुजवली, वरून पॉलिश मारलं. तिथे कधी काही होतं, हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"दार तुम्हीच मोडलंत," आई म्हणाली, "आता महिनाभर स्वतःला जेवायला घाला."

तेव्हापासून न्हाणीघराचा नवा कायदा आला. आत असेल त्यानं आवाज करत राहायचं. आईला एका गाण्याची एकच ओळ येते, ती आम्ही अडीच वर्षं ऐकली. बाबा गात नाहीत. ते आतून मापं म्हणायचे. "अडीच बाय सात... साडेतीन बाय चार... प्लाय अर्धा इंच..." एकदा त्यांचे एक गिऱ्हाईक हात-तोंड धुवायला म्हणून आत गेले. बिचाऱ्यांना कायदा ठाऊक नव्हता. ते गप्प राहिले, आणि आई बादली घेऊन आत शिरली. ते गृहस्थ पुन्हा कधी आले नाहीत. त्यांचं कपाट अजून दुकानात उभं आहे.

शेवटच्या तपासणीला आम्ही सगळे गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "औषधं बंद. आता तीन महिन्यांनी फक्त तोंड दाखवायला या." आई एकदम रडायला लागली. बाबा उठून केबिनच्या दाराकडे गेले आणि पाठमोरे राहून म्हणाले, "ही बिजागरी कुरकुरतेय. तेल घाला हिला."

"बरं, आता तुला काय हवं?" डॉक्टरीणबाईंनी सरकारला विचारलं. आम्हाला वाटलं, मोबाइल मागणार, नाहीतर सहल.

"माझ्या खोलीला कडी," ती म्हणाली. "आतून लागणारी."

बाबा बिजागरी बघतच राहिले.

घरी आल्यावर त्यांनी "लावू की" म्हटलं. सुताराचं "लावू की" म्हणजे काय, हे ज्यानं एकदा तरी स्टूल करायला टाकलंय त्याला सांगायला नको. आधी चांगली कडी बाजारात मिळत नव्हती. मग मिळाली, तर तिचं पितळ हलकं निघालं. मग दार फुगलं होतं. मग म्हणाले, "लाकूड जरा वाळू दे."

"दहा वर्षांपूर्वीचं दार आहे, बाबा! अजून किती वाळणार?"

"चांगलं लाकूड वेळ घेतं."

इकडे दार चार बोटं उघडणं चालूच होतं. सकाळी पेन्सिल, दुपारी आईचं "जेवलीस का", संध्याकाळी माझं उगाचच. सरकारच्या डोक्यावर नवे केस आले होते, आमच्या घराण्यात कुणाचे नाहीत इतके कुरळे, आणि ते विंचरताना तिला कुणी बघितलेलं नको होतं. वहीत काही लिहिताना नको होतं. नुसतं पडून छताकडे बघतानाही नको होतं. "तीन वर्षं मला सगळ्यांनी सगळीकडून बघितलंय," ती मला एकदा म्हणाली. "आता जरा दिसेनाशी होऊ दे ना."

मग एका दुपारी ती एकटी चालत बाबांच्या दुकानात गेली. आईला वाटलं माझ्याबरोबर आहे, मला वाटलं आईबरोबर. मी धावत पोचले, तेव्हा ती गिऱ्हाइकांच्या बाकावर पायावर पाय टाकून बसली होती.

"मिस्त्री, एक काम होतं."

बाबांनी रंधा थांबवला. रस्त्याकडे बघितलं, धापा टाकणाऱ्या माझ्याकडे बघितलं, आणि ती एकटीच आल्याचं ओळखलं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. "बोला ताई," ते म्हणाले.

"एक कडी बसवायची होती. आमच्याकडे एक सुतार आहे, पण तो नुसता तारखा देतो."

"वाईट असतात काही काही. मोठं काम घेतलं असेल त्यानं."

"नाही हो. घाबरतो तो."

बाबा पुन्हा रंधा मारायला लागले. ढलप्यांच्या गुंडाळ्या पायाशी पडत होत्या.

"आतून कडी लावलीस आणि पडलीस तर?" ते म्हणाले. 'ताई' म्हणणं संपलं होतं.

"हाक मारीन."

"त्या दिवशी कुठे मारलीस?"

"त्या दिवशी शुद्ध नव्हती, बाबा. आता आहे."

बाबा फळी उचलून एका डोळ्यानं तिची धार बघत म्हणाले, "रविवारी. आणि येताना रिक्षा करायची होती."

"चालत आले. दमले नाही."

"मी विचारलं का?"

रविवारी आंघोळबिंघोळ करून बाबा कामाला लागले. आम्हाला सगळ्यांना स्वयंपाकघरात हाकललं. अर्ध्या तासानं "या आता," म्हणून हाक आली. आम्ही गेलो. दारावर झगझगीत पितळी कडी होती, रेषेत, एक केसभर तिरकी नाही. बाबा हात पुसत उभे होते.

आईनं कडीकडे बघितलं, मग दाराकडे, मग बाबांकडे. "अहो," ती म्हणाली, "कोंडायचंय कुणाला?"

कडी बाहेरून बसवली होती.

तीस वर्षांच्या धंद्यात बाबांकडून असलं काही झालं नव्हतं. ते कडीकडे असे बघत होते, जणू ती आपल्या पायांनी चालत आतून बाहेर आली. सरकार हसत हसत भिंतीला टेकून खाली बसली. "जेलरसाहेब! जेवण तरी वेळेवर द्या हं!"

"मुद्दाम केलंत," आई म्हणाली.

"नाही गं. शपथ." आणि त्यांचा चेहरा इतका पडला होता, की आईनं पुढचा टोमणा गिळला.

सरकार उठली. तिनं त्यांच्या कानावरची पेन्सिल काढली, त्यांना हाताला धरून आत ओढलं आणि दाराच्या आतल्या बाजूला स्वतः खूण केली. "आता तुम्ही धरा. मी पिळते."

बाबांनी तेव्हा काढून ठेवलेल्या कड्यांतली एक आणली आणि खिशातून आतल्या बाजूसाठी म्हणून वेगळे स्क्रू काढून दिले. तिनं एक तळहातावर घेऊन बघितला. नखाएवढा होता. एवढ्याशा स्क्रूवरची कडी एका धक्क्यात निघून आली असती. सुताराच्या मुलीला हे सांगावं लागत नाही.

"मिस्त्री, गिऱ्हाइकाला असले स्क्रू देता?"

"गिऱ्हाइकाच्या घरी मी राहत नाही."

तिनं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग तेच स्क्रू घेतले आणि चारही पिळले. दुसरा तिरका गेला. बाबांचा हात तो सरळ करायला उठला आणि परत खिशात गेला.

"झालं. आता बाहेर."

आम्ही सगळे बाहेर आलो. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच आवाज नाही. ना गाणं, ना मापं.

आई स्वयंपाकघरात गेली. बाबा तिथेच उभे राहिले. बाहेरच्या कडीचे स्क्रू काढायचं निमित्त होतं; ते त्यांनी फार सावकाश काढले. कडी खिशात टाकली. मग सवयीनं दार चार बोटं ढकलायला हात लावला. दार हललं नाही. त्यांनी हात मागे घेतला, घसा खाकरला, आणि बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं.

"माझी पेन्सिल बघितलीस का गं?"

"कानावर!" आतून ठणठणीत आवाज आला.

बाबांनी कान चाचपला. मग दुसरा चाचपला.

"नाहीये गं," ते दाराला म्हणाले. "आज खरंच नाहीये."