पाठमोरी गर्दी

माझ्या भाचीला ऑफिसात सगळे पुठ्ठेवाली म्हणतात आणि तिला त्याचा भारी अभिमान आहे. ती व्हिडिओ गेममधली दृश्यं रचते. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा तो डबा. त्याची ताकद ठरलेली, कितीही रडलात तरी वाढत नाही. म्हणून जवळचं नीट घडवायचं आणि लांबचं सपाट चित्रावर, म्हणजे पुठ्ठ्यावर, भागवायचं, हा हिचा उद्योग. शुद्ध लबाडी, पण बघणाऱ्याला सुखावणारी.

यंदा तिने एक बाजार रचला. कंदील, धूर, शेकडो माणसं. जीव ओतला होता पोरीने. पण खेळणारा बाजारात शिरला की चित्र अडखळायचं. साहेबांनी सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत सुरळीत पळव, नाहीतर बाजार कापतो."

मग तिने सावल्या जमिनीवरच रंगवल्या, लांबच्या माणसांचे पुठ्ठे केले आणि मला खेळायला बसवलं. मला काहीच चटकन आवडत नाही, म्हणून.

चित्र लोण्यासारखं सरकत होतं. मी डावीकडे गेले, उजवीकडे गेले.

"अगं, ही सगळी माझ्याकडेच का बघतायत? मी काय यांचं घर फोडलंय?"

तिचा चेहरा पडला. पुठ्ठा कडेने दिसला तर सपाटपणा उघडा पडतो, म्हणून तो कायम खेळणाऱ्याकडेच वळत राहतो. सगळी तोंडं माझ्यामागे फिरत होती.

"प्रत्येकाला वेगळं वळवलं तर पुन्हा अडखळणार, मावशी."

"मग पाठ करून उभं कर की. मी ही एवढीशी. गर्दीत जन्मभर लोकांच्या पाठीच बघितल्यात मी."

ती खुर्चीतून उठलीच. "थांब, थांब. म्हणजे सगळे पुढे काहीतरी बघतायत. जादूगार! खेळणारा मागून येणार, आणि पुढे जायला दोर आडवा."

लगेच पाठी काढायला बसली. टकली, वेण्या, खांद्यावर तोंड खुपसून झोपलेलं मूल. डोकं खाजवणारा एक मी हट्टाने घालायला लावला.

शुक्रवारी साहेब बाजारभर फिरले. चित्र कुठेही अडखळलं नाही. दोरापाशी टाचा उंचावून त्यांनी विचारलं, "पुढे काय चाललंय?" खुर्चीत बसलेला माणूस टाचा उंचावतो, म्हणजे बघा.

तिने तिथूनच फोन केला. "मावशी, बाजार राहिला!"

"छान. आता एखाद्याचं तोंड तरी दाखव."

"नव्या कन्सोलवर," म्हणाली, आणि फोन ठेवला कार्टीने.