आमच्यात चालत न्हाई

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, माझ्या पोटातलं सगळं ज्याला ठाऊक आहे त्या डॉक्टरलासुद्धा नाही. तुम्हाला सांगायलेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसाला मी काहीही सांगू शकते, ओळखीच्याला नाही. खोट तिथंच आहे.

आधी पोटाचं सांगते. ऐकायला बरं नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी हुमनाबादची, तेव्हा चिटगुप्प्याच्या शाळेत शिकवायला रोज बसनं जायची. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही, झालं तर शेळीच्या लेंड्यांसारखं. मग एखाद्या सकाळी कळ यायची आणि पाण्यासारखं होऊन जायचं, कधी सोबत चिकट आव. जाऊन आलं की बरं वाटायचं, पण काही खाल्लं, घोटभर पाणी प्यालं तरी पुन्हा पळापळ. दूध तर अजिबातच सोसायचं नाही. बसमध्ये असं झालं तर? या भीतीपायी मी सकाळचं खाणंपिणंच बंद केलं. कुणी विचारलं तर उपवास सांगायची. सोमवार, श्रावण, नवस — तोंडाला येईल ते. गळ्यात इष्टलिंग होतं, त्यामुळं लोकांना पटायचं.

सुजातालाही पटलं होतं. ती आमच्याच शाळेत गणित शिकवायची, बसमध्ये माझी जागा धरायची. तिच्यासारखी मैत्रीण मला आधी नव्हती आणि नंतर झाली नाही. ती बौद्ध, आम्ही लिंगायत. आमच्या घरात हे कधी आडवं आलं नाही. माझे अप्पा कुणाच्याही ओसरीवर बसून जेवायचे, सासरीही कुणी कधी काही म्हटलं नव्हतं. दुपारी पोट शांत असलं की मी सुजाताच्या डब्यातली शेंगाचटणी बोटानं पुसून खायची. हे मुद्दाम सांगतेय.

सुजातानं घर बांधलं. दोन खोल्या आणि वर स्लॅब — तिच्या माणसांतलं पहिलं पक्कं घर. घरभरणीला रविवारी जेवायला बोलावलं. तिच्या आईला आम्ही सगळे माय म्हणायचो. मायनं गव्हाची हुग्गी केली होती, दूध-गूळ घालून, वरून तूप. त्या सकाळी माझं पोट आधीच दोनदा रिकामं झालेलं. तरी गेले. न जाऊन कसं चाललं असतं?

दारातनं आत शिरले तेव्हा पहिल्यांदा काय बघितलं? घर नाही, माणसं नाहीत. संडास कुठाय ते बघितलं. त्याचं दार जेवायच्या खोलीतच उघडत होतं. दाराला लागून पंगत बसलेली, पावणेरावळे, शाळेतले सगळे. पोटात कळ आली. मी ठरवून टाकलं, तोंडात काही घालायचं नाही.

"आज उपास हाय, माय," मी म्हटलं.

माय जवळ वाकून हळूच म्हणाली, "घ्या की बाई. तुमच्यासाठी येगळं केलंय. पातेलं नवं आणलंय, त्याला अजून मटणाचा हात न्हाई लागला."

मी मान हलवली. मग तिनं पाण्याचा पेला आणला. मी तोही घेतला नाही. तिनं पेल्यात बघितलं, काही पडलंय का म्हणून. पदरानं पेल्याची कड पुसली आणि पुन्हा पुढं केला. मी पुन्हा नको म्हटलं. "व्हय बाई," म्हणाली आणि पेला घेऊन आत गेली. सुजाता भिंतीशी उभी राहून बघत होती.

इथवर फक्त भित्रेपणा होता. इथं थांबले असते तर आज हे सांगायला बसले नसते.

पुढच्या आठवड्यात बसस्टँडवर सुजातानं विचारलं. आम्ही दोघीच होतो. "खरं सांग. त्या दिवशी कामून जेवली न्हाईस तू? पाणीबी घेतली न्हाईस. माय रोज इचारायली, माझं काय चुकलं म्हणून."

किती सोपं होतं? पोट बिघडलं होतं गं — एवढं बोलायचं. ती हसली असती, ओव्याची पुडी दिली असती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "तुझ्या डब्यातलं खाल्लं तर कुणी बघत न्हाई, सुजाता. घरी येऊन जेवले तर सासरी कळतंय. आमच्यात चालत न्हाई."

हे वाक्य कुठून आलं? आमच्या घरात मी ते कधी ऐकलं नव्हतं. पण हे बोललं की समोरचं माणूस पुढं विचारत नाही, हे मला ठाऊक होतं. बरोबर ठाऊक होतं. आणि तसंच झालं. ती "बरं" म्हणाली आणि बस आली.

पोट बिघडलंय म्हणायची मला लाज वाटली. जात काढायची वाटली नाही.

त्या दिवसापासून ती डबा भिंतीकडं तोंड करून खायला लागली. बसमध्ये जागा धरायची बंद झाली. भांडण नाही, टोमणा नाही. पुढं तिची औरादकडं बदली झाली आणि मला — सांगून टाकते — हायसं वाटलं.

नंतर कलबुर्गीच्या एका डॉक्टरनं माझ्या दुखण्याला नाव दिलं, आयबीएस. आतडं धड आहे, त्याची चाल बिघडलीय, म्हणाला. कधी धावतं, कधी अडून बसतं. घाबरलात की जास्तच. रक्त पडलं किंवा वजन उतरलं तर लगेच या, म्हणाला. घट्ट की पातळ, आव पडते का, गेल्यावर बरं वाटतं का, सगळं त्यानं विचारलं. मी भाजीचा भाव सांगावा तसं घडाघडा सांगितलं. परक्या पुरुषाला. बाहेर आले तेव्हा सुजाताचा नंबर माझ्याकडं होता. लावला नाही. नंतरही नाही.

मागच्या वर्षी माय गेली. मी भेटायला गेले. तेच घर, आता रंग उडालेला. बायका बसल्या होत्या, सगळ्यांना आतनं चहा आला. मला आला नाही. सुजाता उठली, त्या दुखवट्यातून एकटी बाहेर गेली आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातनं कागदी कपात चहा घेऊन आली.

"बाहेरचा हाय," ती म्हणाली. "घे. चालतंय तुला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. चहा दुधाचा होता. मी शेवटपर्यंत प्याले.