वैशालीला आलेला वास

फोन तिच्या भावाचा होता. "वैशू गेली," एवढंच तो म्हणाला. मी परळला ऑफिसच्या जिन्यात उभी होते आणि रडायचं सोडून त्यालाच प्रश्न विचारत सुटले… कधी, कुठे, डॉक्टर नक्की काय म्हणाले? मेंदूत रक्तस्राव झाला होता. संशयाला जागाच नव्हती, तरी माझं मन काही मानेना. एवढी धडधाकट बाई!

वैशाली लालबागच्या चाळीत वाढली. हट्टानं विमान चालवायला शिकली आणि मुंबईबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात शिकवू लागली. आमची मैत्री कॉलेजपासूनची. उड्डाणाआधी ती विमानाभोवती अशी फिरायची, की घरमालकीण नव्या भाडेकरूकडे बघतेय असं वाटावं. मेकॅनिक "सगळं ओके, मॅडम" म्हणाला, की आणखीच बारकाईनं बघायची. मी हसायचे.

एका रविवारी तिनं मला छोट्या विमानातून फिरवायला नेलं. खाली खाडी चमकत होती, मी फोटो काढण्यात दंग, आणि ती एकदम म्हणाली, "मनू, कसला वास येतोय गं?"

"प्लास्टिक जळल्यासारखा."

"नक्की? मी विचारलं म्हणून म्हणत नाहीयेस ना?"

तेवढ्यात समोरच्या पॅनलच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली. वैशालीनं मास्टर स्विच बंद केला. रेडिओ गप्प झाला, दिवे गेले. आता इंजिनही बंद पडणार, या भीतीनं मी तिचा दंड धरला. "सोड. इंजिनाला बॅटरी लागत नाही. कुठेतरी वायर जळतेय, तिचा करंट तोडला फक्त." आग विझवायचा छोटा सिलिंडर तिनं माझ्या मांडीवर ठेवला. "मी सांगितल्याशिवाय दाबायचा नाही." धूर वाढत नाही याची खात्री पटल्यावरच तिनं हवेच्या झडपा उघडल्या. डोळे चुरचुरत होते, घसा खवखवत होता. रेडिओ नाही, म्हणून आजूबाजूला दुसरं विमान नाही ना हे मान वळवून वळवून बघत ती उतरली… अगदी अलगद.

खरा प्रकार त्यानंतर सुरू झाला. क्लबच्या मॅनेजरांनी आम्हाला आग्रहानं ऑफिसात चहाला बसवलं. परत आलो, तर पॅनल उघडून ठेवलेला आणि आत काही जळल्याची खूणच नाही. वैशालीनं आत बोट फिरवलं, हुंगलं. "बाकी सगळ्यांवर धूळ, आणि ही एकच वायर स्वच्छ कशी?" मॅनेजर हसले. "ऊन फार आहे, मॅडम. भास होतो." धूर मीही पाहिलाय, असं मी ठणकावून सांगितलं. "तुम्ही त्यांच्या मैत्रीण ना?" ते म्हणाले.

मॅडम घाबरट आहेत, उगाच रेडिओ बंद करून उतरतात, असं मग क्लबात पसरलं. तिच्याकडे विद्यार्थी द्यायचं बंद झालं. तिनं वर विमान खात्याकडे तक्रार केली. काही आढळलं नाही, असं उत्तर आलं. शेवटी तिनं दुसरा क्लब गाठला, तिथे नाव कमावलं. पण अधूनमधून भलत्याच वेळी तिचा फोन यायचा, "मनू, धूर होता ना गं?" "होता." "मग ठीक." सगळ्यांवर संशय घेणारी माझी मैत्रीण स्वतःवरही घेऊ लागली होती. ते मला फार लागायचं.

तिच्या दिवसकार्याला ते मॅनेजर आले. थकले होते. फोटोला हात जोडून म्हणाले, "फार काळजीनं काम करायच्या." मी जवळ जाऊन विचारलं, "त्या दिवशी पॅनलमागे काय होतं हो?"

"जाऊ द्या आता. वायर बदललीच होती ना आपण लगेच."

बोलून गेले आणि स्वतःच दचकले. हातातला चहा तसाच ठेवून चपला शोधू लागले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं तिच्या आईला म्हणाले, "काकी, धूर होता! यांनीच वायर बदलली." भाऊ कुजबुजला, "आता कशाला?" मॅनेजर जिना उतरून जाईपर्यंत काकी दाराकडे बघत राहिल्या. पण ज्या बाईनं हे ऐकायला हवं होतं…

मागच्या आठवड्यात पुन्हा लालबागला गेले. वैशालीच्या खोलीत कपाटाच्या दारावर पुठ्ठ्याचा एक पॅनल चिकटवलेला आहे. सगळी बटणं तिनं हातानं रंगवलेली. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून ती विद्यार्थ्यांना घरी बोलावून डोळे मिटून मास्टर स्विच शोधायला लावायची. त्या जागी रंग उडून पुठ्ठा मऊ झाला आहे. मी डोळे मिटून हात पुढे केला. बोट चुकलं.

दारातून काकींचा मालवणी आवाज आला, "परत कर गो. वैशू पण असाच सांगायचा."