रफिकभाई मिस्त्रींनी माझ्या टिकल्या पुसल्या, तेव्हाची गोष्ट

रफिकभाई मिस्त्रींची आणि माझी खरी ओळख भांडणातून झाली, असं लिही म्हटलं तर आमची नात पल्लवी म्हणते, आजी, गौरवग्रंथात असं लिहीत नसतात. मग कसं लिहितात, ते मला ठाऊक नाही. मला अक्षर येत नाही. चिखलीच्या बाजारातल्या मंडळींना हे माहीत असूनही मिस्त्रींच्या साठीनिमित्त दोन शब्द द्या म्हणून त्यांनी निरोप धाडला. मी सांगते, पल्लवी लिहिते. ती मधेच हसते, त्याला माझा इलाज नाही.

माझी कपडे धुवायची मशीन जुनी आहे, दोन हौदांची. एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. वेळ लावायचं बटन फिरवलं की आत टिकटिक सुरू होते, टिकटिक थांबली की धुणं झालं. बटनाभोवती काय काय लिहिलेलं आहे ते ज्यानं लिहिलं त्याला माहीत. मी सुनेच्या पाकिटातल्या टिकल्या घेऊन लावल्या होत्या. लाल टिकलीपर्यंत बटन फिरवलं की लुगडं, हिरवीपर्यंत चादर, काळीपर्यंत गोधडी. एवढ्यावर माझं धुणं मी करत होते, कोणाला विचारायचं काम नव्हतं.

एके दिवशी बटन नुसतंच गरगर फिरायला लागलं, टिकटिक बंद. माझा लेक वसंता सोयाबीन घेऊन चिखलीला निघाला होता. त्यानं मशीन पोत्यांसोबत गाडीत चढवली आणि मी पुढे बसले. मिस्त्रींच्या दुकानात पहिल्यांदा गेले ती अशी. त्यांनी मशीनची पाठ उघडली, आत डोकावले आणि म्हणाले, "मावशी, टायमर गेला. बाकी तब्येत चांगली हाये तिची."

"माह्यापेक्षा?"

"तुमची मी उघडून नाही पाह्यली."

माणूस बरा वाटला. संध्याकाळी मशीन परत आली ती लखलखीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला काही समजेना. एकही टिकली नव्हती. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखं झालं. अंदाजानं बटन फिरवलं, तर माझं लुगडं इतका वेळ घुमत राहिलं की बाहेर आलं तेव्हा त्याला काठ होते की नव्हते, हे शोधावं लागलं.

वसंता म्हणाला, "माय, हे देऊन टाकू भंगारात. पुढच्या बाजाराले नवीन आणतो. दाबलं की झालं."

"कोणतं दाबायचं?"

"सुनीता दाबून देईन नं!"

सून गुणाची आहे, दाबून देईल. पण रोज सकाळी तिला हाक मारायची? म्हणून मी जीप धरली आणि एकटीच चिखलीला गेले.

"मिस्त्री, माह्या टिकल्या काऊन पुसल्या?"

ते गोंधळले. "मले वाटलं लेकरांनी चिकटवल्या. घासलेट लावून काढल्या, मावशी. लय मेहनत लागली."

"मेहनतीनं वाटोळं केलं. अन् बटन असं काऊन चालते?"

"हा नवा टायमर मोठा हाये. थोडासा फिरवला तरी लय वेळ चालते. तुमचा फायदाच केला."

माझ्या ध्यानात आलं ते असं. पहिल्या टायमरवर लाल टिकली आणि काळी टिकली यांच्यात चांगलं दोन बोटं अंतर होतं. आता लुगडं आणि गोधडी शेजारी शेजारी येऊन बसली होती, आणि माझी बोटं तर थरथरतात. पहिल्यासारखा टायमर आता येत नाही, असं ते म्हणाले. मशीन चालते आहे नं, मग सुनेला लावून द्यायला सांगा, असंही म्हणाले.

मी म्हटलं, "मिस्त्री, काही कपडे मलेच धुवायचे असतात."

कोणते कपडे, असं त्यांनी विचारलं नाही. हातातला पेचकस खाली ठेवला. मला चहा पाजला, जीपमध्ये पुढची जागा मिळवून दिली आणि वसंताला फोन करून सांगितलं, "भाऊ, नवीन मशीनची घाई करू नका." आमच्या वयाच्या बायकांना माहीत आहे, काही चादरी घरातलं कोणी उठायच्या आत, पहाटेच धुवून वाळत घालायच्या असतात. साठीच्या पुरुषमाणसाला ते न सांगता कसं कळलं, याचा मी अजून विचार करते आहे.

पुढच्या बाजाराच्या आधी मिस्त्री स्वतः आमच्या गावी, जानेफळला आले. पिशवीत भंगारातल्या मशीनींचे टायमर होते. त्यांनी ते ओट्यावर मांडले आणि म्हणाले, "मावशी, डोळे मिटा अन् फिरवून पाहा. तुमचा हात ओळखीन."

मी एकेक फिरवत गेले. हा कडक. हा लवकर सुटते. हा तर मुकाच हाये.

"मावशी, नवरी पसंत करून राह्यल्या का?"

"नवरी असती तं एवढा वेळ नसता लावला."

मग एक हातात आला आणि बोटं आपोआप थांबली, जिथं लुगड्याला थांबायची तिथंच. हिवरा आश्रमाकडच्या एका घरी बंद पडलेल्या मशीनचं गुरांची पेंड ठेवायचं पिंप झालं होतं, तिच्यातला तो. मिस्त्रींनी तो तिथंच उघडून साफ केला आणि बसवला. नवा कोरा चुकीचा आणि पेंडीतला बरोबर, हे मला अजून नीट उमजलेलं नाही. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "मलेही नव्हतं उमजलं."

आणि मग त्यांनी खिशातून टिकल्यांचं नवं पाकीट काढलं. बांगड्यावालीनं विचारलं म्हणे, चाचा, घरच्यांसाठी का? हे म्हणाले, मशीनसाठी. ती अजून यांच्याकडे संशयानं पाहते. दाढीवाले मिस्त्री मांडीवर पाकीट धरून मला एकेक टिकली काढून देत होते आणि लावल्या मी. वसंता दारात उभा राहून पाहत होता. नव्या मशीनचं नाव त्यानं परत काढलं नाही.

अशा माणसाचा तुम्ही सत्कार करता आहात तो बरोबर आहे, जरी मला वाटलं होतं की सत्कार काम संपल्यावर करतात. माझ्या मशीनचा खालचा पाइप गळतो आहे, मिस्त्री. शाल घेऊन झाली की एक चक्कर मारा. तुमचे गुडघे दुखतात असं ऐकते, तर जीपमध्ये पुढे बसा. अल्ला तुम्हाला धडधाकट ठेवो. आधी मी जाईन, माझ्यामागून मशीन आणि तुम्ही सगळ्यांच्या शेवटी, तेही लय उशिरा. हा क्रम मोडायचा नाही. आणि माझ्या नंबराची घाईही कोणी करू नका, उद्याची गोधडी आत्ताच भिजत घातली आहे.