जांभळीवरचं लाल

तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर भिकीबाय तोऱ्यातच चालायची. डोक्यावर मोळी असली तरी मान ताठ. कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, बाकीच्या बायका फांद्या गोळा करायला जात. ही जायची कुऱ्हाड घेऊन.

शहाऐंशी साली ओहळाकडच्या जंगलात तोड निघाली. पाडायच्या झाडांवर लाल रंग मारून जंगलखात्याचा गार्ड गेलेला. तोडणाऱ्या टोळीचा मुकादम भिकीचाच पुतण्या, लडक्या. तो झऱ्यावरच्या जांभळीपाशी येऊन थांबला. बुंध्यावर तळहाताएवढं लाल. पाड्याचं प्यायचं पाणी त्याच मुळांखालून निघायचं. जांभळ पडली की झरा मातीनं बुजणार, हे सगळ्यांना कळत होतं. पण खूण केलेलं झाड सोडलं तर टोळीचं काम जायचं.

लडक्यानं कुऱ्हाड उचलली.

"थांब रं, फुटक्या डोळ्याच्या!" भिकी आडवी आली. "हा रंग नाय. दगडावर दगडफूल येतं ना, तसं हे सालीवरचं."

"असं लाल?"

"नीट बघ. कडेला लाल, मंग पांढरी रेघ, मधी फिकट. गार्ड काय झाडाला नटवत बसला?" तिनं ओंजळभर पाणी मारलं. पांढरं होतं ते हिरवट झालं. नखानं खरवडलं, तर आत हिरवंगार. "रंग कवा पाणी पितो काय?"

टोळी हसली. लडक्या नाही हसला. "काकी, झऱ्यापायी तू काय पण सांगशील."

हे तिला झोंबलं. खोटारडी असं तिला तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं.

"चल माझ्या ऐनाकडं."

तिच्या झोपडीमागं, पण कूपाच्या हद्दीत, ऐनाचं जुनं झाड होतं. त्यावर चढलेल्या वेलाचे करांदे, उकडून खायचे कंद, ती दर साली टोपली भरून उतरवायची. त्याच्याही बुंध्यावर लाल होतं. इतके दिवस ती तिकडं बघायचंच टाळत होती.

आता तिनं पाणी मारलं. लाल ते लालच. खरवडलं, तर नखात लाल भुगा, आणि खाली नुसती करडी साल.

"हा रंग," भिकी म्हणाली. "पाड."

"आन् तुझा वेल?"

"वेल गेला खड्ड्यात. पाड बोलले ना!"

लडक्या जागचा हलेना, तेव्हा पहिला घाव तिनंच घातला. मग तो कामाला लागला. जांभळीकडं त्यानं पुन्हा बघितलंही नाही.

पुढं कुठल्याही कूपात लालाची शंका आली की टोळ्या भिकीला हाक मारत. ती येऊन सालीवर चूळ टाकायची, कमरेवर हात ठेवून बघायची आणि एकच शब्द बोलायची. त्यावर कुणी दुसरा शब्द काढत नसे.